ताशी दोन चमचे

“म्हणजे किती?” त्यांनी विचारलं.

मी म्हटलं होतं, नळीतून अन्न ताशी दहा मिली. आयसीयूत हे आकडे आमच्या तोंडी इतके बसलेले असतात की समोरच्याला त्यातून काहीच कळत नाही, याचं भान राहत नाही. मग म्हटलं, “दोन चमचे, काकू. तासाला दोन लहान चमचे.”

त्या काही बोलल्या नाहीत. काचेतून आत बघत राहिल्या. आत त्यांचा मुलगा होता, चौतिशीचा. न्यूमोनिया झाला, संसर्ग रक्तात पसरला, रक्तदाब कोसळला आणि तो सेप्टिक शॉकमध्ये गेला. व्हेंटिलेटरवरचा तिसरा दिवस. उशाशी औषधांचे पाच पंप, आणि त्यांच्यापासून जरा बाजूला फीडची, म्हणजे नळीतून पोटात द्यायच्या पातळ अन्नाची पिशवी. तिच्यातलं पिठूळ रंगाचं पातळ द्रव नळीत उतरतंय की नाही, हे नीट निरखून बघितल्याशिवाय कळत नव्हतं. बऱ्याच वेळाने काकू म्हणाल्या, “अहो, तो सहा फूट उंच आहे.”

वीसेक वर्षं मी हे काम करते आहे. “वाचेल ना?” या प्रश्नाची आता तितकी धास्ती वाटत नाही. त्याचं उत्तर बहुधा ‘आत्ताच सांगता येणार नाही’ असं असतं, ते खरं असतं, आणि ऐकणाराही कसंबसं ते पदरात घेतो. “पोटात काय गेलं?” या प्रश्नाचं उत्तर मात्र नेमकं असतं, मिलीत मोजलेलं, आणि ते दिल्यावर समोरच्या चेहऱ्यावर जे उमटतं ते बघवत नाही. माझ्या लेकराला तुम्ही उपाशी ठेवताय, असं कुणी तोंडाने म्हणत नाही. म्हणायची गरजही नसते. तो आरोप मी स्वतःवर बऱ्याचदा करून बसलेली असते.

काकूंना त्या दिवशी मी जे सांगितलं ते उभ्याउभ्या, पाच मिनिटांत. इथे जरा बसून सांगते.

शॉकमध्ये शरीर काटकसर करतं. एरवी स्वस्थ पडून असताना हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा सुमारे पाव हिस्सा आतडी, यकृत, प्लीहा या पोटातल्या मंडळींकडे जातो. जेवण झालं की आतड्याचा वाटा आणखी वाढतो. शॉक आला की पहिली कात्री इथेच लागते. मेंदू आणि हृदय चालू राहावेत म्हणून आतड्याच्या रक्तवाहिन्या आवळल्या जातात. त्यात आम्ही नॉरअ‍ॅड्रेनलिन लावतो, आमच्या बोलीत ‘नॉरअ‍ॅड’. ते रक्तवाहिन्या आवळूनच रक्तदाब वर आणतं. डोस थोडा असला आणि दाब सावरला, तर त्याचा आतड्यालाही फायदाच होतो. पण डोस चढत जातोय, दाब तरी हाताला लागत नाहीये, अशी वेळ आली की समजावं, आतडं आता अगदी उरल्यासुरल्यावर दिवस काढतंय.

आतड्याच्या अस्तरावर बोटांसारखे इवले इवले उंचवटे असतात. इतके दाट, की अस्तर मखमलीसारखं दिसतं. प्रत्येक बोटात रक्त वर नेणारी आणि खाली आणणारी वाहिनी एकमेकींना खेटून असतात. त्यामुळे वर चढणाऱ्या रक्तातला बराच ऑक्सिजन टोकापर्यंत पोचायच्या आतच शेजारणीकडे झिरपतो आणि तिथूनच माघारी जातो. धडधाकट माणसात हे खपून जातं. रक्त मंदावलं की टोकं गुदमरतात. आणि अन्न शोषून घ्यायचं काम नेमकं या टोकांचं! ते काम फुकट होत नाही. साखरेचा, प्रथिनाचा एकेक कण आत ओढून घ्यायला पेशीला ऊर्जा मोजावी लागते, म्हणजे पुन्हा ऑक्सिजनच. दम लागून भिंतीला टेकलेल्या माणसाच्या डोक्यावर पोतं द्यावं आणि जिना चढ म्हणावं, तशातली गत.

हे सगळं मला पुस्तकातून ठाऊक होतं, शिकाऊ डॉक्टर होते तेव्हाही.

त्या वेळी मी जिथे शिकत होते तिथे भिंतीवर एक तक्ता लावलेला होता. दाखल झाल्यापासून २४ तासांत फीड सुरू, ७२ तासांत पूर्ण उद्दिष्ट. दर चार तासांनी अमुक इतकं वाढवा. मला तक्ते आवडायचे. अजूनही आवडतात, पण तेव्हा आंधळेपणाने आवडायचे. साठीच्या आसपासचे एक गृहस्थ होते, पित्तनलिकेतल्या संसर्गामुळे शॉकमध्ये गेलेले. माझी रात्रपाळी होती. फीड ताशी चाळीस मिलीवर होतं, साठवर नेलं, पुढे ऐंशीवर. त्याच रात्री नॉरअ‍ॅडही वाढवावं लागत होतं, दर तासा-दोन तासांनी थोडं थोडं. दोन्ही आकडे एकाच कागदावर, शेजारशेजारच्या रकान्यांत, माझ्याच अक्षरात चढत चालले होते आणि मला त्यात काही खटकलं नाही.

दोनच्या सुमारास सिस्टर म्हणाल्या, “डॉक्टर, पोट फुगल्यासारखं वाटतंय.” मी हात लावून बघितलं. तसं मऊच होतं. नळीतून सिरिंजने ओढलं तर तीनशे मिली परत आलं. मी पोटातलं पुढे सरकवायचं इंजेक्शन लिहिलं आणि फीड चालूच ठेवलं. पहाटे पाचला रक्तातलं लॅक्टेट, पेशींना ऑक्सिजन कमी पडला की चढणारं, दुप्पट झालं होतं आणि पोट ढोलासारखं ताणलं होतं. सर्जनांनी उघडून बघितलं तेव्हा आतड्याचा मोठा भाग काळानिळा पडलेला होता. कापून काढायलाही काही उरलं नव्हतं. तसंच शिवलं. दुपारी ते गेले.

फीडमुळे गेले का? सांगता येत नाही. शॉक अन्नाचा एक थेंबही पोटात नसताना आतडं मारू शकतो, आणि तसं होताना मी पुढे पुष्कळदा पाहिलं. आमचे सर म्हणाले, “शॉकने गेले ते. तू मनाला लावून घेऊ नकोस.” सर खोटं बोलत नव्हते. पण माझ्या मनात राहून गेलं ते सिस्टरांचं वाक्य. त्यांना तक्ता पाठ नव्हता, म्हणून पोट दिसलं.

भरवण्याचा एवढा सोस आम्हा लोकांना लागला कसा, हे मी नंतर शोधत गेले. ती गोष्ट मोठी गमतीची आहे. ग्लासगोत डेव्हिड कथबर्टसन नावाचे संशोधक होते. १९३० च्या दशकात पायाचं हाड मोडून पडून असलेल्या लोकांच्या लघवीतला, प्रथिनं मोडली की उतरणारा, नायट्रोजन ते मोजत होते. जखम पायापुरती, पण नायट्रोजन मात्र इतका वाहून जात होता की तो नुसत्या मोडल्या जागेतून येणं शक्यच नव्हतं. सगळ्या अंगाचे स्नायू वितळत होते. पुढे १९४२ मध्ये त्यांनी गंभीर इजेनंतरच्या शरीराचे दोन काळ सांगितले. आधी ओहोटी, मग भरती. ओहोटीत सगळं मंद आणि थंड. भरतीत ताप, धडधड आणि स्नायूंची नासाडी. वैद्यकाने भरती लक्षात ठेवली. स्नायू जाताहेत ना, मग घाला खायला! ओहोटी तशीच पानात राहून गेली.

त्यात १९६० च्या दशकात फिलाडेल्फियात स्टॅन्ली डुड्रिक यांनी बीगल जातीची पिल्लं निव्वळ शिरेतून दिलेल्या अन्नावर वाढवून दाखवली. तोंडाने काहीही नाही, तरी पिल्लं वाढली. ज्यांचं आतडं कायमचं निकामी झालंय अशा किती माणसांचे प्राण या शोधाने वाचवलेत याची गणतीच नाही, त्याबद्दल बोलायलाच नको. पण आयसीयूत त्याचा अर्थ असा लागला की आता पोटाची परवानगी घ्यायचीही गरज उरली नाही. जास्त दिलं की जास्त बरं होईल, असा एक जमाना येऊन गेला. त्या जमान्यातल्या डॉक्टरांना हसण्यात अर्थ नाही. त्यांना स्नायू जाताना दिसत होते आणि हातावर हात ठेवून बसणं त्यांना जमत नव्हतं, एवढंच.

मग हळूहळू मोजमाप सुरू झालं. २०१२ मध्ये अमेरिकेतल्या एका चाचणीत फुप्फुसं निकामी होत आलेले १००० रुग्ण घेतले. अर्ध्यांना पहिले सहा दिवस पूर्ण फीड, अर्ध्यांना नुसती धार, म्हणजे दिवसाला साधारण ४०० किलोकॅलरी. व्हेंटिलेटर सुटायला लागलेले दिवस सारखेच, मृत्यूही सारखेच. बेल्जियममधल्या ४६४० रुग्णांच्या अभ्यासात, शिरेतून अन्न लगेच दिलेल्यांपेक्षा आठवडाभर थांबून दिलेले लवकर सावरले आणि त्यांना संसर्गही कमी झाले. तो निकाल २०११ मध्ये आला तेव्हा आमच्यातल्या अनेकांना तो पचला नाही. मलाही नाही.

माझ्या त्या रात्रीच्या सर्वांत जवळचा अभ्यास आला तो २०१८ मध्ये, फ्रान्समधून. ४४ आयसीयू, २४१० रुग्ण. सगळे व्हेंटिलेटरवर, सगळे शॉकमध्ये, सगळ्यांना रक्तदाबाची औषधं चालू. निम्म्यांना पहिल्यापासून पोटातून भरपूर अन्न, निम्म्यांना शिरेतून. २८ दिवसांतले मृत्यू दोन्हीकडे जवळजवळ सारखे, ३७ आणि ३५ टक्के. पण आतड्याचं रक्त तुटण्याचा प्रकार पोटातून अन्न दिलेल्यांत १९ जणांना झाला, शिरेतून दिलेल्यांत ५ जणांना. बाराशेत एकोणीस म्हणजे दोन टक्केसुद्धा नाहीत. तो आकडा वाचला तेव्हा मी घरी होते, रात्र झाली होती, आणि कितीतरी वेळ पुढच्या ओळीवर गेलेच नाही. दोन टक्क्यांहून कमी, म्हणून ते एरवी दिसत नाही. एका डॉक्टरच्या वाट्याला असा एखादाच येतो आणि तिला सांगतात, शॉकने गेला, मनाला लावून घेऊ नकोस.

त्याच मंडळींनी २०२३ मध्ये आणखी एक चाचणी छापली, ३०४४ रुग्णांची. पहिला आठवडा एका गटाला किलोमागे रोज २५ किलोकॅलरी, दुसऱ्याला अवघ्या ६. नव्वद दिवसांनंतरच्या मृत्यूंत फरक नाही. कमी खाल्लेले आयसीयूतून बाहेर पडण्याजोगे झाले ते साधारण एक दिवस आधी, उलट्या-जुलाब कमी, आणि आतडं काळं पडण्याचे प्रकारही कमी.

सहा किलोकॅलरी! सत्तर किलोच्या माणसाला दिवसाला ४२० झाल्या. हा आकडा मी काकूंना सांगितला नाही. कुठल्याही आईला सांगू नये असा तो आकडा आहे.

मग प्रश्न असा येतो की शरीर जगतं कशावर? गंभीर आजाराच्या पहिल्या काही दिवसांत ते स्वतःचंच खातं, आणि हे त्याला थांबवता येत नाही. यकृत साखर बनवत राहतं. निरोगी माणसाला बाहेरून साखर मिळाली की यकृत हात आखडतं. आजाऱ्याचं यकृत आखडत नाही. बाहेरचंही येतं, आतलंही येतं आणि रक्तात साखर साचते. स्नायूंना प्रथिनं दिली तरी ती तिथे नीटशी बसत नाहीत. ६३ रुग्णांच्या एका अभ्यासात मांडीचा स्नायू दहा दिवसांत जवळजवळ १८ टक्के बारीक झालेला आढळला. ते वाचून नुसतं भरवलं की भागेल असं वाटेल, पण तसं होत नाही, एवढं एव्हाना कळलंय. शिवाय प्रत्येक पेशीत मोडकातोडका माल वेचून जाळण्याची एक व्यवस्था असते. तिचा उलगडा करणाऱ्या योशिनोरी ओसुमी यांना २०१६ चं नोबेल मिळालं. ती व्यवस्था उपाशीपणी जोमाने चालते आणि खाल्लं की मंदावते. सेप्सिसमध्ये पेशीपेशीत मोडतोड झालेली असताना झाडलोट बंद पाडून वर माल टाकत राहायचं का, अशी शंका काही संशोधकांनी काढली आहे. अजून ती शंकाच आहे. पण मला ती पटते. पटते, कारण ताप भरलेलं मूल तोंड फिरवतं, आजारी जनावर चाऱ्याला तोंड लावत नाही, आणि यातलं कुणी संशोधन वाचलेलं नसतं.

आत पडलेल्या त्या मुलाला भूक नव्हती. गुंगीचं औषध नसतं तरी नसती. भूक होती ती काचेच्या बाहेर, आणि थोडी माझ्यात.

आता इतकं सांगितल्यावर कुणाला वाटेल, मी लंघनाची कैवारी झाले. तसं नाही, आणि माझा खरा राग उलट बाजूच्या लोकांवर आहे. ‘एनबीएम’, म्हणजे तोंडाने काही नाही, ही तीन अक्षरं कागदावर लिहायला एक क्षण लागतो आणि खोडायला चार दिवस. कुणीतरी रात्री लिहिलेलं असतं, सकाळच्या राऊंडला कुणी विचारत नाही, संध्याकाळी स्कॅन आहे म्हणून थांबतात, स्कॅन उद्यावर जातो, मग नळी जरा वर सरकलेली आढळते, एक्स-रे होईपर्यंत पुन्हा थांबा. प्रत्येक कारण रास्त. बेरीज केली तर पाच दिवस. शॉक कधीच ओसरलेला, नॉरअ‍ॅड जवळजवळ सुटलेलं, आणि पेशंटच्या पोटात कण नाही. हे विचार करून थांबणं नव्हे. हा निव्वळ विसराळूपणा, आणि तो सावधपणाचा सदरा घालून हिंडतो. आतड्याचं अस्तर तीन ते पाच दिवसांत नवं होत असतं. त्याला आतून काहीतरी स्पर्शून जावं लागतं, नाहीतर ते पातळ पडतं. ताशी दोन चमचे ते याच्यासाठी. पोट भरणं हा त्यांचा हेतूच नसतो. आतडं जागं राहावं, इतकंच.

आणि सगळ्यात नाजूक प्रकरण म्हणजे जो आधीच हडकलेला येतो तो. महिनोन्‌महिने धड न जेवलेला, दारूने पोखरलेला, गाठीच्या आजाराने वाळलेला. त्याला बघून हात आपसूक सैल सुटतो. अशा एका आजींचं फीड मी फार नाही, पण जरा भराभर वाढवलं होतं. तिसऱ्या दिवशी त्यांना श्वास पुरेना, व्हेंटिलेटर सोडवायला घेतला होता तो पुन्हा लावावा लागला. रक्तातलं फॉस्फेट तळाला गेलं होतं. उपाशी शरीर साखर वापरायचं जवळजवळ विसरलेलं असतं. ती एकदम आली की इन्सुलिन उसळतं आणि रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम पेशींत ओढून नेतं. फॉस्फेटशिवाय स्नायूंना ताकद कुठली, श्वासाच्या स्नायूंनाही नाही. १९४५ मध्ये नाझींची बर्गन-बेल्सनची छळछावणी सुटली तेव्हा सैनिकांनी कळवळून आपलं रेशन त्या सापळ्यांच्या हाती दिलं, आणि त्यातले कित्येक ते खाऊन मेले. आजी वाचल्या. आता असा पेशंट आला की पहिल्या फीडच्या आधी थायमिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व, देते आणि फॉस्फेट रोज बघते. सिस्टर लोक मला ‘फॉस्फेट मॅडम’ म्हणतात, मागे. मला ठाऊक आहे.

मग सुरुवात करायची कधी? लोकांना एक आकडा हवा असतो. नॉरअ‍ॅड इतकं असलं तर द्या, इतकं असलं तर नको. काहीजण किलोमागे मिनिटाला ०.३ मायक्रोग्रॅम ही रेघ धरतात, मीही तिच्याकडे डोळा ठेवते. पण आकड्यापेक्षा मला त्याची दिशा जास्त सांगते. ०.३ वरून ०.२ वर उतरत आलेला पेशंट आणि ०.१ वरून ०.२ वर चढत निघालेला पेशंट, कागदावर दोघे एकाच जागी दिसतात. पहिल्याला मी फीड लावीन, दुसऱ्याला नाही. लॅक्टेट उतरतंय का, लघवी होतेय का, पायाची बोटं कोमट आहेत का, पोट मऊ आहे का. पोटावर हात मी रोज ठेवते, दोनदा. स्टेथोस्कोप लावून आतड्याचे आवाज ऐकायची जुनी चाल होती. आवाज आला की फीड, नाही आला की थांबा. त्याच्यावर आता फारसं कुणी विसंबत नाही. दर चार तासांनी पोटातलं ओढून मोजायचं का, यावरही मतं बदलली. २०१३ मध्ये ४४९ रुग्णांच्या चाचणीत दिसलं की ज्यांचं मोजलं नाही त्यांच्यात न्यूमोनिया काही वाढला नाही. पण ती चाचणी सरसकट रुग्णांची. नॉरअ‍ॅडवरच्या पेशंटचं पोट फुगतंय असं सिस्टर म्हणाल्या, तर मी कुठलीही चाचणी आठवत बसत नाही. फीड बंद करते आणि मग विचार करते.

जाता जाता दोन गोष्टी, विषयाला सोडून. ज्या नळीने आम्ही भरवतो तिला ‘रायल्स ट्यूब’ म्हणतात. जॉन रायल या इंग्लिश डॉक्टरांनी ती काढली ती जठरातला रस बाहेर ओढून तपासायला, आत काही घालायला नव्हे. आज ती दोन्ही कामं करते, आणि ती नक्की जठरात आहे हे पक्कं झाल्याशिवाय तिच्यातून थेंबही सोडायचा नाही, हा नियम मी शिकाऊ मुलांकडून घोकून घेते. हवा मारून पोटावर आवाज ऐकला, एवढ्यावर भागत नाही. फुप्फुसात गेलेली नळीही तसाच आवाज देते. दुसरी गोष्ट प्रोपोफॉलची. गुंगीचं हे पांढरं दुधासारखं औषध तेलाच्या द्रावणात असतं आणि त्याच्या मिलीत १.१ किलोकॅलरी असते. ताशी पंधरा मिली चालू असेल तर दिवसाला चारशेच्या आसपास किलोकॅलरी नुसत्या गुंगीतून जातात. फीडचा हिशेब करताना हे हमखास विसरलं जातं. म्हणजे ज्याला आम्ही दोन चमचे देत होतो, त्याला शिरेतून गुपचूप दुसरं ताट वाढलेलं होतं. हे मात्र मी काकूंना सांगितलं. त्यांना ते फार बरं वाटलेलं दिसलं. तेल म्हणजे अन्न, हे त्यांनी लगेच धरलं.

चौथ्या दिवशी नॉरअ‍ॅड निम्म्यावर आलं. मी फीड वीसवर नेलं. काकू भेटीच्या वेळी आल्या त्या सरळ पंपाकडेच. आकडा वाचायला त्या शिकल्या होत्या. “चार चमचे,” म्हणाल्या. पाचव्या दिवशी त्याला पुन्हा ताप चढला, दाब पडला, नॉरअ‍ॅड पहिल्यापेक्षा वर गेलं. मी फीड बंद केलं. त्या दिवशी पंपावर आकडाच नव्हता. त्यांनी मला काही विचारलं नाही, आणि मी समजावून सांगायला गेले तेव्हा त्यांनी हातानेच ‘असू दे’ म्हटलं. नवा संसर्ग शिरेतल्या नळीचा निघाला. ती बदलली, दोन दिवसांत तो सावरला. पुन्हा दहा. पुन्हा वीस. दुसऱ्या आठवड्यात साठ, मग ऐंशी. तेव्हा मात्र मी हात आखडला नाही. ओहोटी सरलेली असते, अंग उभारी धरू लागतं, आणि तेव्हा जो कंजूषपणा करतो त्याला माझ्या वॉर्डात जागा नाही. तोवर त्याच्या मांड्या इतक्या उतरल्या होत्या की फिजिओथेरपीवाल्या मुलीच्या दोन्ही हातांत एक मांडी मावायची.

सोळाव्या दिवशी व्हेंटिलेटर सुटला. घशातली नळी निघाली. आवाज घोगरा, कुजबुजल्यासारखा. अठराव्या दिवशी सकाळी तो म्हणाला, “भूक लागलीय.” सिस्टरांनी ही बातमी फोनवर मला सांगितली, काहीतरी मोठा रिपोर्ट आल्यासारखी. दुपारी काकू आल्या त्या तयारीनेच. हातात एक लहानसा डबा, त्यात घरचा चमचा, रुमालात गुंडाळलेला.

आणि गिळण्याची तपासणी करणारी मुलगी तेव्हाच त्याच्याजवळ उभी होती. तिने त्याला नीट बसवलं, एक चमचा पाणी तोंडात दिलं. त्याने गिळलं. दोन सेकंद गेले आणि तो ओला, खोल खोकला खोकला. तिने अजून एकदा, थोडं घट्ट केलेलं पाणी देऊन पाहिलं. पुन्हा तसाच खोकला. तिने माझ्याकडे बघून मान हलवली. इतके दिवस घशात नळी असली की घसा गिळणं विसरतो. ते परत येतं, पण आज नाही. आज दिलं तर ते फुप्फुसात जाईल.

मी काकूंकडे वळले. माझं तोंड उघडायच्या आधीच त्या म्हणाल्या, “किती दिवस?”

“चार-पाच. कदाचित आठवडा.”

त्यांनी डबा खाली ठेवला. चमचा रुमालातून काढला, टेबलावरच्या सलाइनच्या बाटल्यांशेजारी नीट आडवा ठेवला आणि मुलाला म्हणाल्या, “हा इथे राहू दे रे.” मग स्टूल ओढून घेतलं आणि पंपाकडे बघत बसल्या. पंपावर ऐंशी होतं.